फॅमिलीसर्च: पूर्वजांनी पोटासाठी काय काय केलं हे शोधायचंय? मग आधी इथे जा

फॅमिलीसर्च ही साइट बरेच जण फक्त वंशावळ काढायला वापरतात, म्हणजे आजोबांचे वडील कोण, त्यांचे वडील कोण, नावं आणि तारखा भरत जायच्या आणि झाड मोठं झालं की खूश. मी ती वेगळ्याच कामासाठी वापरली आणि त्या कामाला ती किती भारी आहे हे कुठे कोणी लिहिलेलं दिसलं नाही, म्हणून हा रिव्ह्यू. काम असं, की एका माणसाने आयुष्यभर पोटासाठी नेमकं काय काय केलं ते वर्षावर्षाने लावायचं. माणूस म्हणजे माझ्या सासूबाईंचे आजोबा. घरात त्यांच्याबद्दल एकच वाक्य सांगितलं जायचं, ते विणकर होते, इंग्लंडहून अमेरिकेत आले आणि जन्मभर गिरणीत राबले. मृत्यूच्या दाखल्यावरसुद्धा व्यवसायाच्या रकान्यात तेच लिहिलंय, विणकर. आणि आता माझ्यासमोर जी यादी आहे त्यात विणकर आहे, फेरीवाला आहे, दुकानदार आहे, ट्रामचा कंडक्टर आहे, नौदलाच्या कारखान्यातला मदतनीस आहे, अजून बरंच आहे. हे जवळपास सगळं या एका साइटवरून मिळालं आणि त्यासाठी पैसे लागले नाहीत.

फुकट कसं, यात गोम काय, असं सगळे विचारतात म्हणून ते आधी सांगते. ही साइट मॉर्मन चर्च, म्हणजे अमेरिकेतला एक ख्रिस्ती पंथ, चालवतं. पूर्वजांची ओळख पटवणं हा त्यांच्या धर्माचाच भाग आहे, म्हणून १८९४ मध्ये त्यांनी यूटामध्ये वंशावळ संस्था काढली आणि १९३८ पासून जगभरातल्या नोंदींची मायक्रोफिल्म काढायला घेतली. सॉल्ट लेक सिटीजवळ ग्रॅनाइटचा डोंगर पोखरून केलेल्या तिजोरीत त्या फिल्म ठेवल्यात, चोवीस लाखांच्या आसपास रिळं, आणि त्यांचं स्कॅनिंग २०२१ मध्ये पूर्ण झालं. पूर्वी रीळ मागवून मशीनवर बघावं लागायचं, ते २०१७ ला बंद झालं, आता थेट स्क्रीनवर. अकाउंट उघडायला धर्माबिर्माची अट नाही. माझा त्या चर्चशी काही संबंध नाही आणि साइटवर शोधताना धर्माचा विषय मध्ये येतही नाही.

आता मूळ मुद्दा. साइटवर नाव टाकून सर्च केला की जी माहितीची पट्टी समोर येते ना, नाव, वय, जन्मठिकाण, आईवडील, ती म्हणजे इंडेक्स. कोणीतरी मूळ पानावरून निवडक गोष्टी उतरवून घेतलेल्या असतात. आणि या निवडक गोष्टींमध्ये व्यवसाय बहुतेक वेळा नसतो! १८८० ची अमेरिकन जनगणना आणि १८८१ ची ब्रिटिश जनगणना हे मोठे अपवाद, तिथे इंडेक्समध्येच काम लिहिलेलं मिळतं. पण १९०० पासून पुढच्या अमेरिकन जनगणनांमध्ये इंडेक्स वाचून थांबलात तर तो माणूस काय करायचा हे बहुधा कळत नाही. त्यामुळे ही साइट कामधंदा शोधायला वापरायची असेल तर एकच नियम लक्षात ठेवा, कॅमेऱ्याचं चिन्ह दिसलं की त्यावर क्लिक करून मूळ पान उघडायचं आणि ओळ शेवटच्या रकान्यापर्यंत वाचायची. खरा माल उजवीकडच्या रकान्यांत असतो.

सुरुवात १८८१ पासून केली. लँकेशायरमधलं ब्लॅकबर्न, सुती कापडाचं गाव, आजोबा वय वर्षं तीन, आणि आई आणि वडील दोघांच्याही पुढे सुती विणकर असं लिहिलेलं. ब्लॅकबर्नमध्ये लग्न झालेल्या बायकाही मागावर असायच्या, हे तिथल्या गल्लीचं अख्खं पान वाचलं की दिसतंच. १८९१ मध्ये ते तेरा वर्षांचे आणि स्वतः विणकर. मध्ये दहा वर्षांची पोकळी आहे पण ती त्या काळचा कायदा माहीत असला की थोडी भरता येते. तेव्हा इंग्लंडमध्ये हाफ-टाइमर पद्धत होती, दहा वर्षांचं पोर अर्धा दिवस गिरणीत आणि अर्धा दिवस शाळेत. वयाची ही अट १८९३ मध्ये अकरा आणि १८९९ मध्ये बारा केली. म्हणजे तेराव्या वर्षी जो पोरगा पक्का विणकर म्हणून नोंदलाय तो त्याच्या आधी अर्ध्या दिवसाच्या पाळीला असण्याची शक्यता खूप. याचा कागद माझ्याकडे नाही, म्हणून मी झाडात तसं भरलेलं नाही, फक्त टिपणात ठेवलंय.

इंग्लंडच्या बाबतीत एक सांगून ठेवते, तिथल्या जनगणनांचा इंडेक्स इथे दिसतो पण मूळ पानाचा फोटो बघायला गेलं की बऱ्याचदा दुसऱ्या पैसेवाल्या साइटकडे बोट दाखवतात किंवा फॅमिलीसर्चच्या सेंटरमध्ये जाऊन बघा म्हणतात. हे करारांमुळे आहे, त्यांच्या हातात नाही. १९२१ ची इंग्लंडची जनगणना, जिच्यात मालकाचं नाव आणि कामाची जागासुद्धा विचारली होती, ती २०२२ मध्ये फाइंडमायपास्ट या पैसेवाल्या साइटवर आली. त्यामुळे तुमचा माणूस आयुष्यभर ब्रिटनमध्येच राहिला असेल तर एकट्या फॅमिलीसर्चवर भागणार नाही. आणि १९३१ ची शोधू नका, ती १९४२ मध्ये आगीत जळाली, १९४१ ला युद्धामुळे जनगणना झालीच नाही, मध्ये आधार फक्त सप्टेंबर १९३९ च्या रजिस्टरचा, म्हणजे युद्ध सुरू झाल्यावर केलेल्या लोकांच्या नोंदणीचा.

आजोबा १८९६ ला लिव्हरपूलहून बोस्टनला उतरले. जहाजाच्या यादीत त्यांच्यापुढे लिहिलंय मजूर. विणकर नाही, मजूर! हे बघून आधी वाटतं की हा माणूसच दुसरा असणार. पण वय जुळतं, गाव जुळतं, ज्या नातेवाईकाकडे चाललोय म्हणून सांगितलंय त्याचं नाव जुळतं. मग याचं कारण शोधलं आणि ते मला सगळ्या शोधातलं सगळ्यात शिकवणारं वाटलं. अमेरिकेने १८८५ मध्ये कायदा केला होता की परदेशातून आधीच नोकरीचा करार करून माणूस आणायचा नाही, आणि १८९३ नंतरच्या जहाजाच्या याद्यांमध्ये थेट प्रश्नच असायचा की इथे कामाचा करार करून आलायस का. हो म्हटलं तर परत पाठवणी. आता कुठल्या तरी गिरणीत चुलतभावाने शब्द टाकून ठेवलाय अशा पोराने तिथे छाती काढून मी कुशल विणकर आहे असं सांगितलं तर पुढचा प्रश्न काय येणार हे त्याला माहीत असणारच. मजूर म्हटलेलं सगळ्यात सेफ. म्हणजे कागदावर जे काम लिहिलंय ते कोणी, कोणाला आणि कशाच्या भीतीने सांगितलं हे पण बघावं लागतं. साइट तुम्हाला पान देते, हा विचार आपण करायचा.

तरी इथे साइटचं कौतुक करायलाच हवं कारण तिचा रिसर्च विकी नावाचा विभाग आहे आणि तो अफाट आहे. कुठल्या देशात, कुठल्या राज्यात, कुठल्या सालापासून कोणत्या नोंदी ठेवल्या जायच्या, त्यात काय विचारायचे, आत्ता त्या कुठे आहेत, हे सगळं पानोपानी लिहून ठेवलंय. बरेच लोक या विभागाकडे फिरकतसुद्धा नाहीत, थेट नाव टाकतात आणि सापडलं नाही की वैतागतात. मी म्हणेन की आधी विकी वाचा, मग सर्च करा.

पुढचं ठिकाण फॉल रिव्हर, मॅसॅच्युसेट्स. लँकेशायरची माणसं तिथे ढिगाने गेली कारण तिथेही सुती गिरण्याच होत्या. १९०० च्या जनगणनेत आजोबा तिथे भाड्याच्या खोलीत, कापड गिरणीत विणकर, आणि त्याच ओळीत गेल्या वर्षात किती महिने काम नव्हतं या रकान्यात ३. हा रकाना प्लीज बघत जा. नुसतं विणकर वाचून आपल्याला वाटतं की रोज सकाळी भोंगा झाला की माणूस कामाला. तीन महिने घरी बसलेला विणकर हे वेगळं चित्र आहे. १९१० मध्ये हाच प्रश्न आठवड्यांत विचारलाय आणि वर हेही विचारलंय की १५ एप्रिलला, म्हणजे मोजणीच्या दिवशी, बेकार होतात का.

पण जनगणना दहा वर्षांनी एकदा. दोन जनगणनांच्या मध्ये माणूस चार धंदे बदलून परत पहिल्यावर आला तर तुम्हाला कळणारच नाही. इथे मला जे सापडलं ते मी सगळ्यांना आवर्जून सांगते: मुलांचे जन्म बघा. मॅसॅच्युसेट्सच्या जन्मनोंदीत वडिलांच्या व्यवसायाचा रकाना असतो आणि त्या नोंदी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंतच्या फॅमिलीसर्चवर मूळ पानासकट आहेत. आजोबांना पाच मुलं झाली, म्हणजे दर दोनतीन वर्षांनी कोणीतरी त्यांना विचारलंय की काय करता. १९०२ ला विणकर. १९०४ च्या वसंतात विणकर. १९०६ ला फेरीवाला. १९०८ ला किराणा दुकानदार. १९११ ला ट्राम कंडक्टर. यातला एक मुलगा वर्षभरात गेला, त्याचं नाव घरात कोणालाच माहीत नव्हतं, त्याच्या जन्माची आणि मृत्यूची नोंद एकाच शोधात समोर आली. सासूबाईंना फोन करून सांगितलं तेव्हा त्या खूप वेळ त्याबद्दलच बोलत होत्या, धंद्याबिंद्याचं राहूनच गेलं.

१९०४ आणि १९०६ च्या मध्ये काय झालं? तर संप. जुलै १९०४ मध्ये फॉल रिव्हरच्या गिरणीमालकांनी मजुरी साडेबारा टक्के कापली आणि सुमारे २५,००० कामगार बाहेर पडले, जानेवारी १९०५ पर्यंत, जवळजवळ सहा महिने. शेवटी राज्यपाल डग्लस यांनी मध्यस्थी केली तेव्हा संप मिटला. आजोबा त्यात किती पुढे होते, होते की नव्हते, याचा कागद नाही. पण घरात तान्हं मूल, सहा महिने पगार नाही आणि त्यानंतरच्या नोंदीत हातगाडी, हे नुसतं शेजारी शेजारी ठेवलं तरी कळतं. पोकळी दिसली की त्या गावात त्या वर्षी काय झालं ते वाचायचं.

फेरीवाल्याचा दुकानदार कसा झाला आणि मग दुकानदाराचा कंडक्टर कसा झाला, हे सापडलं ते साइटच्या नव्या सोयीमुळे, फुल-टेक्स्ट सर्च. ही २०२४ मध्ये आली. यात कॉम्प्युटरने हाताने लिहिलेली जुनी पानं स्वतः वाचून काढलेली असतात आणि तुम्ही पानातल्या कुठल्याही शब्दावर शोधू शकता, सुरुवात अमेरिकेतल्या जमीनजुमल्याच्या आणि वारसाच्या कागदांपासून केली होती. इंडेक्समध्ये फक्त मुख्य माणसांची नावं येतात पण इथे साक्षीदार, शेजारी, उधारी देणारा, सगळे सापडतात. नावासोबत गावाचं नाव आणि दुकानदार हा इंग्रजी शब्द टाकून शोधलं आणि १९०७ चं खरेदीखत आणि लगेच पाठोपाठ गहाणखत निघालं. छोटा प्लॉट, त्यावर लाकडी बांधकाम, कर्ज एका सहकारी बँकेचं, आणि कागदात त्यांची ओळख म्हणून किराणा दुकानदार. मग १९०९ ला त्याच जागेचा जप्तीनंतरच्या विक्रीचा कागद. १९१० च्या जनगणनेत घर स्वतःचं की भाड्याचं या रकान्यात भाड्याचं, गेल्या वर्षात ९ आठवडे काम नाही, आणि धंदा ट्राम कंडक्टर. दुकान दोन वर्षं चाललं. घरात या दुकानाचा उल्लेखसुद्धा कधी कोणी केला नव्हता.

फुल-टेक्स्टबद्दल थोडं अजून. मशीनचं वाचन सगळीकडे बरोबर नसतं, आडनावाची अक्षरं हमखास इकडची तिकडे होतात, म्हणून नुसत्या आडनावावर विसंबू नका. आडनाव आणि बायकोचं पहिलं नाव, आडनाव आणि गल्लीचं नाव, किंवा आडनाव सोडून गल्ली आणि धंदा, असे जोड करून बघा. अक्षराऐवजी चांदणी किंवा प्रश्नचिन्ह टाकायची सोय आहे ती वापरा. आणि मशीनने उतरवलेला मजकूर वाचून समाधान मानू नका, शेजारीच मूळ पान असतं, ते स्वतः वाचा. पण एवढं असूनही सांगते, ही सोय नसती तर त्या गहाणखतापर्यंत पोचायला मला जुनी पुस्तकं पान पान चाळत बसावं लागलं असतं आणि मुळात असं काही असेल अशी शंकाच आली नसती.

आता सगळ्यात आवडलेला कागद, नागरिकत्वाचा अर्ज. अमेरिकेत १९०६ च्या कायद्यानंतर हे फॉर्म देशभर एकसारखे झाले आणि त्यात बायको, मुलं, जहाज, धंदा सगळं भरावं लागायचं. आजोबांचा अर्ज १९०८ चा, धंदा दुकानदार, ते ठीकच. पण खाली दोन साक्षीदार लागायचे, दोघंही अमेरिकन नागरिक असायला हवेत, आणि त्यांचाही धंदा लिहिलेला असतो. एक साक्षीदार ट्राम कंडक्टर, पत्ता त्यांच्याच गल्लीतला. दीड-दोन वर्षांनी दुकान गेलं आणि आजोबा ट्रामवर लागले. शब्द कोणी टाकला असेल हे मी अंदाजानेच म्हणतेय पण अंदाज पक्का वाटतो. नोकऱ्या अशाच मिळायच्या, ओळखीतून. त्यामुळे साक्षीदारांची नावं कधी सोडू नका, लग्नातले, अर्जावरचे, खतावरचे, सगळे एका वहीत लिहून ठेवा, तीच नावं पुढे कुठेतरी परत भेटतात.

पहिल्या महायुद्धातलं सैन्यभरतीचं कार्ड हे अजून एक सोनं. लोकांना वाटतं आमचे पूर्वज सैन्यात नव्हते मग काय उपयोग. सैन्यात जायची गरज नाही! सप्टेंबर १९१८ च्या नोंदणीत अठरा ते पंचेचाळीस वयाच्या, आधी नोंद न झालेल्या सगळ्या पुरुषांना नाव नोंदवावं लागलं, त्यात कामाचं स्वरूप, मालकाचं नाव आणि कामाचा पत्ता असे वेगळे रकाने आहेत, आणि खाली सही. आजोबा चाळीस वर्षांचे, आणि कार्डावर न्यूपोर्टच्या नौदलाच्या टॉर्पेडो स्टेशनमध्ये, म्हणजे पाणतीर बनवायच्या कारखान्यात, मदतनीस. ट्राम नाही, गिरणी नाही, टॉर्पेडो. युद्धात तिथे माणसं हवी होती आणि ते गेले. युद्ध संपलं आणि १ जानेवारी १९२० च्या जनगणनेत परत कापड गिरणी, पण या वेळी लूम-फिक्सर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, विणकरापेक्षा वरचं आणि जास्त पगाराचं काम. मध्ये यंत्रांवर हात बसला त्याचा उपयोग झाला असणार असं मला वाटतं.

त्यानंतरचा भाग वाचायला जड आहे. विसाच्या दशकात न्यू इंग्लंडच्या गिरण्या एकेक करून दक्षिणेतल्या राज्यांपुढे हरत गेल्या, फॉल रिव्हरमध्ये तर १९२८ च्या फेब्रुवारीत मोठी आगही लागली. १९३० च्या जनगणनेत आजोबा बावन्न वर्षांचे आणि कापड गिरणीत वॉचमन. त्या जनगणनेत एक प्रश्न आहे, काल प्रत्यक्ष कामावर होता का, त्यांच्यापुढे लिहिलंय नाही. शेजारी एक आकडा आहे, तो बेकारांच्या वेगळ्या तक्त्यातल्या ओळीचा क्रमांक, ज्यात किती आठवडे काम नाही, का नाही, हे सगळं विचारलं होतं. तो तक्ता आता अस्तित्वात नाही, सरकारने त्यातली माहिती मोजून घेतली आणि माणसामाणसाचे कागद ठेवले नाहीत. मला याचं फार वाईट वाटतं. ओळीचा नंबर आहे आणि ओळ नाही.

तांत्रिक गोष्ट एक इथेच सांगते, १९३० च्या पानावर व्यवसायाच्या शेजारी कोड नावाचा छोटा रकाना आहे. अक्षर लागत नसेल तर तो कोड बघा, जनगणना खात्याने प्रत्येक धंद्याला आणि उद्योगाला नंबर दिले होते आणि त्याच्या याद्या नेटवर मिळतात. मोजणीदाराचं अक्षर कितीही घाण असलं तरी कोड लिहिणाऱ्याने ते त्याच वेळी वाचलेलं असतं.

१९४० ला बासष्ट वर्षांचे. या जनगणनेत १९३९ सालात किती आठवडे काम केलं आणि किती मजुरी मिळाली हे विचारलंय, आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सरकारच्या रोजगार योजनेवर होतात का हेही. त्यांच्यापुढे हो. ही डब्ल्यूपीए वगैरे रुझवेल्ट सरकारची कामं, रस्ते, पाइप, शाळांच्या इमारती. आणि मग शेवटचं, एप्रिल १९४२ ची नोंदणी, जिला म्हाताऱ्यांची भरती म्हणतात. २८ एप्रिल १८७७ ते १६ फेब्रुवारी १८९७ मध्ये जन्मलेल्या पुरुषांची, लढायला पाठवायला नाही तर देशात कोण काय काम करू शकतं हे बघायला. त्या कार्डावर मालकाच्या जागी एका चर्चचं नाव आहे. देखभाल करायचे तिथली, झाडलोट, घंटा, हिवाळ्यात भट्टी पेटवणं. चौसष्टाव्या वर्षी.

म्हणून मृत्यूच्या दाखल्यावरचं विणकर वाचलं की मला आता त्रास होतो, आणि समजतंही. तिथे विचारतात की नेहमीचा व्यवसाय काय, आणि सांगणारा असतो मुलगा किंवा जावई, त्या दिवशी त्याला फेरीची गाडी आणि टॉर्पेडो कुठून आठवणार. लोक शोध दाखल्यापासून सुरू करतात आणि बऱ्याचदा तिथेच संपवतात. करू नका असं.

साइटच्या उण्या बाजूही आहेत. पहिली वर सांगितलीच, इंडेक्समध्ये व्यवसाय नसणं. नोंदी शोधताना धंद्यावरून गाळणी लावायची सोय असती तर काय बहार आली असती, गावातले सगळे फेरीवाले एका झटक्यात समोर. दुसरी, सगळ्यांचं मिळून एकच झाड आहे. मेलेल्या माणसाचं पान कोणीही बदलू शकतं, एकाच नावाची दोन माणसं कोणीही एकत्र करू शकतं. बदलांचा इतिहास असतो आणि जुनं परत आणता येतं, आणि फॉलो केलं की बदल झाल्याचं कळवतात, पण लक्ष ठेवावं लागतं. यावर उपाय एकच, प्रत्येक कामाची नोंद करताना मूळ पान जोडायचं आणि हा तोच माणूस का, ते कारणाच्या चौकटीत दोन ओळींत लिहायचं. कारण लिहिलेलं असलं की दुसरा माणूस बदलायच्या आधी निदान वाचतो. जिवंत माणसांची पानं मात्र अशी सगळ्यांना दिसत नाहीत, ती काळजी नको.

व्यवसाय भरायची जागा माणसाच्या पानावर इतर माहिती या भागात आहे, साल आणि ठिकाण टाकून कितीही वेळा भरता येतं, आणि मग टाइमलाइनवर सगळं एकाखाली एक दिसतं, मुलांचे जन्म, घरं बदलणं, धंदे, सगळं मिसळून. हे मला फार आवडलं. नुसत्या यादीत जे दिसत नाही ते तिथे दिसतं, की धंदा बदलला की सहा महिन्यांत पत्ताही बदललाय.

फोनचं अ‍ॅप आहे पण जुनी पानं वाचायला नको, रकाने उजवीकडे पळतात आणि डोळे फुटतात. मोठ्या स्क्रीनवरच बसा. अ‍ॅप झाड दाखवायला आणि जुने फोटो चढवायला ठीक.

पैसेवाल्या साइट्सचं काय? अँसेस्ट्री माझ्याकडे मध्ये काही काळ होती, तिथे सर्च जास्त हुशार आहे आणि गावोगावच्या डिरेक्टऱ्या भरपूर आहेत, म्हणजे दर वर्षी छापली जाणारी माणसांची आणि धंद्यांची यादी. फॅमिलीसर्चवर त्या थोड्याच आहेत. पण अमेरिकेतल्या बऱ्याच सार्वजनिक वाचनालयांत अँसेस्ट्री फुकट वापरता येते आणि कित्येक डिरेक्टऱ्या इंटरनेट आर्काइव्हवर उघड्या पडल्यात, तेव्हा वर्षाचे पैसे भरायच्या आधी तिकडे बघा. वर्तमानपत्रं मात्र फॅमिलीसर्चवर जवळजवळ नाहीतच, आणि कंपन्यांचे पगारपत्रक, पेन्शनचे कागद असलंही काही नाही, ते त्या त्या अभिलेखागारातच मागावं लागतं. रेल्वेत होते का तुमचे कोणी? मग अमेरिकेत रेल्वे निवृत्ती मंडळाच्या फायली अटलांटाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, तिथे लिहा.

स्टार द्यायचे तर पाचपैकी साडेचार. अर्धा त्या इंडेक्ससाठी कापला.

माझं अजून १९११ ते १९१८ बाकी आहे. ट्राम नक्की कधी सोडली ते कळत नाही. त्या वर्षांच्या डिरेक्टऱ्या आणि कुलूपबंद दिसणाऱ्या दोन फिल्म राहिल्यात, ज्यांवर कॅमेऱ्याच्या चिन्हासोबत किल्ली दिसते त्या घरून उघडत नाहीत, फॅमिलीसर्च सेंटरमध्ये जाऊनच बघाव्या लागतात. सेंटर फुकट असतं, जाण्याआधी फिल्मचा नंबर आणि पानाचा क्रमांक लिहून न्या आणि पेनड्राइव्ह विसरू नका.